‘देवच पुरवतो आहे’ असे कोणी म्हणाले तर

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

‘मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करतो. माल पुरवणारे काही जण बिलाच्या दोन टक्के रक्कम पाकिटात घालून देऊ करतात आणि विभागातले बहुतेक जण ती घेतात. मी इतकी वर्षे घेतली नाही. यंदा मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि फीचे पैसे जुळत नाहीत. गेल्या महिन्यात एका पुरवठादाराने टेबलावर ठेवलेले पाकीट मी घेतले. ते न उघडता घरी कपाटात ठेवले आहे. पत्नीला ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मी आडून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “परमेश्वर पुरवतो. अब्राहामालाही त्याने झुडपात अडकलेला एडका दाखवला. तू मागितलेस, त्याने दिले.” मी देवाला सांगितले आहे की, महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय झाली नाही, तर हे पाकीट तुझीच इच्छा आहे असे मी समजेन. लहानपणापासून पुष्कळ वचने पाठ आहेत. पण पुरवठादार समोर बसला की एकही आठवत नाही. देवावर विश्वास असूनही मोह का जात नाही?’

प्रिय बंधू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत लहान आहे. मोह येणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नाही. येशूचा बाप्तिस्मा झाला, आकाशातून पित्याची वाणी झाली, आणि लगेच आत्म्याने त्याला अरण्यात नेले ते सैतानाकडून परीक्षा व्हावी म्हणून, असे मत्तय सांगतो. त्या परीक्षेनंतरही सैतान कायमचा निघून गेला नाही. संधी मिळेपर्यंत तो त्याला सोडून गेला, असे लूकने नोंदवून ठेवले आहे. जे प्रभूच्या बाबतीत घडले ते आपल्या बाबतीत घडू नये, अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. तेव्हा मोह जात का नाही, या प्रश्नात अडकून पडू नका. त्याच पत्रात त्याहून गंभीर गोष्ट आहे आणि ती तुम्ही जाता जाता एका वाक्यात सांगून टाकली आहे.

ती गोष्ट म्हणजे महिनाअखेरचा ठराव. पाकीट अजून बंद आहे आणि ते परत करता येते. परंतु देवाला मुदत घालून देण्याची ही रीत मनात रुजली, तर पुढच्या प्रत्येक अडचणीत ती पुन्हा उपयोगाला येईल आणि प्रत्येक वेळी निकाल तुम्हाला हवा तसाच लागेल. नीट पाहा : या ठरावात देवाला दोनच वाटा ठेवल्या आहेत. तुम्ही ठरवलेल्या तारखेच्या आत त्याने पैसे द्यावेत, नाहीतर जे त्याने मना केले आहे त्यालाच त्याची संमती मानली जावी. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही आधीच लिहून ठेवला आहे. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. फीची तारीख जवळ आलेल्या बापाच्या मनाची ओढाताण मी समजू शकतो. परंतु या प्रार्थनेला विश्वासाची प्रार्थना म्हणता येणार नाही.

पवित्र शास्त्रात या प्रकाराची एक जागा आहे आणि तिचे नावही आहे : मस्सा, म्हणजे परीक्षा. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात इस्राएल लोक रफीदीम येथे तळ देतात, तेथे प्यायला पाणी नसते, आणि ते मोशेशी भांडू लागतात. तहान खरी होती; तहान लागणे हा त्यांचा अपराध नव्हता. परंतु परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, हे तो आत्ता, येथे, आमच्या मागणीप्रमाणे सिद्ध करून दाखवील तरच आम्ही मानू, असे त्यांनी म्हटले, आणि म्हणून त्या ठिकाणाला ते नाव पडले. मंदिराच्या शिखरावर उभे राहून येशूने जे उत्तर दिले, ‘परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस,’ ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले आहे आणि तेथे त्या वाक्यापाठोपाठ मस्साचेच नाव येते. वरून उडी टाक, देव तुला झेलील, ही सैतानाची सूचना वरकरणी मोठ्या विश्वासाची वाटते. येशूने तिच्यातला सौदा ओळखला. उडी टाकणाऱ्याने देवापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. तुमची महिनाअखेरची मुदत ही त्याच जातीची उडी आहे, फक्त ती दिनदर्शिकेवर मारली जाणार आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, तो ठराव आज स्पष्ट शब्दांत मागे घ्या. ‘प्रभू, मी तुला घातलेली मुदत चुकीची होती, तू काही केलेस किंवा न केलेस, तरी हे पाकीट तुझ्याकडून आलेले नाही,’ एवढे म्हटले तरी पुरे. त्यानंतर काय मागावे असा प्रश्न पडला, तर नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूराची प्रार्थना उघडा. तो देवाजवळ दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. आवश्यक तेवढे अन्न मागतो, आणि त्याचे कारण कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो : पोट जास्त भरले तर मी तुला विसरेन, आणि हाती काही उरले नाही तर मी चोरी करीन. गरिबीमुळे आपण चोरीकडे वळू शकतो, हे देवाला तोंडावर सांगणारी प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, याचे मला नेहमी मोठे समाधान वाटते. तुमच्या स्थितीतल्या माणसाला ती शब्दशः म्हणता येईल.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या वचनाकडे वळू. ते वाईट हेतूने बोलले असे मी मानत नाही. आपल्या माणसाचे ओझे हलके करण्याच्या घाईत पुष्कळ भली माणसे असेच बोलून जातात. तरीही त्यांनी जे केले ते काय, हे समजून घ्यायला हवे, कारण मंदिराच्या शिखरावर सैतानानेही शास्त्रलेखच म्हणून दाखवला होता. तो एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातला होता : देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल आणि तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलून धरतील. शब्द खरे होते. परंतु स्तोत्रात दूतांना दिलेली आज्ञा ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझे रक्षण करण्याची आहे, आणि मार्गांविषयीचे ते शब्द सैतानाने म्हटलेच नाहीत. ज्या माणसाला स्तोत्राची केवळ ती ओळ पाठ आहे, तो तेथे फसू शकतो. ज्याला सगळे स्तोत्र ठाऊक आहे, देवाचा आश्रय घेऊन त्याच्या वाटेने चालणाऱ्याला ते दिले आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला काय गळले ते लगेच दिसते.

अब्राहामाच्या एडक्याचेही तसेच झाले आहे. उत्पत्तीचा बाविसावा अध्याय पुन्हा वाचा. मोरियाच्या डोंगरावर अब्राहाम काही मिळवण्यासाठी गेलेला नव्हता. जे सर्वांत प्रिय होते ते द्यायला तो गेला होता, आणि ते देण्याचा निर्धार त्याने पूर्ण केल्यावर त्याला एडका दिसला. तो एडका त्याने घरी नेला नाही, वेदीवर अर्पण केला. डोंगर आणि वेदी वगळून एडका तेवढा उचलला, तर ‘परमेश्वर पुरवतो’ हे वचन कोणत्याही पाकिटावर चिकटवता येईल.

खरे तर तुमच्या प्रसंगाला लागू पडेल असा अब्राहामाचा प्रसंग वेगळाच आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात लढाईहून परत आलेल्या अब्रामाला (हे अब्राहामाचे आधीचे नाव) सदोमाचा राजा म्हणतो, माणसे मला दे आणि मालमत्ता तू घे. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती लूट घेण्यात कोणालाही वावगे वाटले नसते. अब्रामाने हात वर करून शपथ घेतली की, सुताचा दोरा किंवा वहाणेचा बंददेखील मी घेणार नाही, कारण मी अब्रामाला संपन्न केले असे तुला म्हणता येऊ नये. बरोबर आलेल्या तरुणांनी जे खाल्ले तेवढे आणि सोबतच्या साथीदारांचा वाटा त्याने वगळला. स्वतःसाठी काही ठेवले नाही. आपल्याला कोण पुरवतो याची त्याला इतकी खात्री होती, की पुरवण्याचे श्रेय कोणाच्या हाती जाऊ द्यायचे हेही तो ठरवू शकला. तुमच्या मुलाची फी त्या पाकिटातून भरली गेली, तर उद्या बिलावर सही मागताना तो पुरवठादार तोंडाने काही बोलणार नाही. बोलण्याची त्याला गरजच उरणार नाही. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात म्हटले आहे की, लाच शहाण्यांचेही डोळे आंधळे करते. शहाण्यांचे, म्हणजे तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचे.

आणि याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय या बाबतीत शंकेला जागाच ठेवत नाही. माझी परीक्षा देव करत आहे, असे मोहात पडलेल्या कोणी म्हणू नये, असे तो सांगतो; प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. वाईटाच्या हाताने देव पुरवठा करतो, असे मानण्यास तेथे काही आधार सापडत नाही.

‘ऐन वेळी एकही वचन आठवत नाही,’ ही तुमची तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. तिची दोन कारणे मला दिसतात. एक असे की, पुरवठादार मोह म्हणून समोर येत नाही. तो चहा मागवतो, मुलाच्या प्रवेशाची चौकशी करतो, स्वतःच्या मुलाच्या फीचे रडगाणे गातो आणि जाताना पाकीट ठेवतो. प्रसंग ओळखूच आला नाही, तर त्याच्यासाठी राखून ठेवलेले वचन आठवणार कसे? दुसरे कारण आपल्या पाठांतराच्या पद्धतीत आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी रविवारच्या शाळेत आणि वचनांच्या स्पर्धांत अध्याय-ओवीसकट वचने पाठ केली, बक्षिसे मिळवली. परंतु ती वचने कोणी, कोणाला, कोणत्या अडचणीत सांगितली, हे आपल्याला कोणी फारसे विचारले नाही. अशी वचने पत्ता फाटलेल्या पत्रांसारखी असतात : अक्षर लागते, मजकूर कळतो, पण ते आपल्याच दारी आले आहे हे कळत नाही.

येशूची तिन्ही उत्तरे कोठून आली ते पाहा. ती अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूने, चाळीस वर्षे अरण्यात भुकेलेल्या लोकांना मोशेने जे सांगितले होते, तेच उचलले. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल’ हे वाक्य मूळ जागी मान्न्याच्या संदर्भात आहे : देवाने तुम्हाला भुकेले राहू दिले आणि मग असे अन्न दिले, जे तुम्हाला ठाऊक नव्हते. म्हणजे भूक लागली आहे आणि देवाने ती अजून भागवलेली नाही, या अवस्थेतही माणूस देवाचाच असतो, हे त्या अध्यायाचे सांगणे आहे. अरण्यात येशूजवळ ग्रंथाची गुंडाळी होती असे कोठे म्हटलेले नाही. जे होते ते त्याच्या ठायी होते, आणि ते सुट्या ओळींच्या रूपात नव्हते. आपण कोणत्या अध्यायात उभे आहोत, हे त्याला ठाऊक होते. विश्वास आणि शास्त्राचे ज्ञान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत असे तुमच्या पत्रातून जाणवते. माझ्या मते देवाने भुकेल्या लोकांना पूर्वी कसे सांभाळले हे ज्याला तपशिलाने माहीत आहे, त्यालाच आपल्या भुकेत त्याच्यावर भरवसा टाकणे जमते.

पाठांतराला मी कमी लेखत नाही. पंडिता रमाबाईंनी लहानपणी आईकडून संस्कृत शिकताना हजारो श्लोक मुखोद्गत केले होते. त्यांच्याइतके पाठांतर आज आपल्यात क्वचितच कोणाचे असेल. त्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षे हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी वेचली. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात छापलेले ते संपूर्ण भाषांतर 1924 साली बाहेर पडले. मुखोद्गत असणे पुरेसे असते, तर त्यांनी हा खटाटोप केला नसता.

तुम्ही एवढे करा. अनुवादाचे सहा ते आठ हे तीन अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचा. अर्धा तासही लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचा. मग त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाचा शेवटचा भाग वाचा, जेथे पिशवीत एक मोठे व एक लहान अशी दोन प्रकारची वजने ठेवू नका असे सांगितले आहे. खरेदी विभागात काम करणाऱ्या माणसासाठी याहून थेट लिहिलेला उतारा मला माहीत नाही. वाचल्यावर एखाद्या वचनाऐवजी तो प्रसंग कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगून पाहा, मुलाला सांगितलात तर उत्तमच. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या गोष्टींविषयी मुलांशी बोलत जा, असे सहावा अध्याय सांगतो, आणि जे बोलण्यात आलेले असते तेच टेबलापाशी आठवते असा माझा अनुभव आहे.

योसेफाची गोष्टही तुमच्याच हुद्द्याच्या माणसाची आहे, कारण तो पोटीफराच्या घरचा कारभारी होता. त्याला मोह घालणाऱ्या स्त्रीला त्याने पहिल्यांदा जे सांगितले ते असे की, माझ्या धन्याने आपले सर्व काही माझ्या हाती सोपवले आहे. मी हे करून देवाविरुद्ध पाप कसे करू? धन्याचा विश्वासघात आणि देवाविरुद्ध पाप, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात म्हटल्या. पुरवठादाराचे दोन टक्के त्याच्या खिशातून जात नाहीत. ते दरात आधीच चढवलेले असतात आणि कारखाना ते भरतो. योसेफाच्या गोष्टीतली दुसरी बाब मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. तो मोहातून निसटला आणि तुरुंगात गेला. तेथे ज्याला त्याने मदत केली, तो राजाचा प्यालेबरदार सुटल्यावर त्याला विसरला आणि पुढे दोन वर्षे पूर्ण गेली. तुम्ही पाकीट परत केल्यावर विभागात तुमच्याशी बोलणे कमी होईल, कदाचित तुमची बदली दुसऱ्या कामावर होईल. असे काहीच होणार नाही, अशी हमी देणारा उपदेशक तुम्हाला भेटला, तर त्याने योसेफाची गोष्ट अर्धीच वाचली आहे असे समजा.

आता करायच्या गोष्टी. पाकीट याच आठवड्यात, न उघडता, परत द्या. पुरवठादाराला कार्यालयात, दुसरा सहकारी हजर असताना बोलवा, आणि लांबलचक खुलासा न करता ‘हे माझ्याकडे राहिले होते, मला ते घेता येणार नाही’ एवढेच म्हणा. यापुढे त्याला एकट्याने भेटू नका. सहकाऱ्यांविषयी वरिष्ठांकडे तक्रार करावी की नाही, हा प्रश्न खरा आहे, पण पाकीट तुमच्या कपाटात असेपर्यंत तो उचलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. नंतर त्याविषयी स्वतंत्र लिहा.

फीचे काय? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की, देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. हा उपाय नेहमी आकाशातून पडतो असे नाही. पुष्कळदा तो बँकेच्या खिडकीवर मिळणाऱ्या अर्जाच्या रूपात असतो, आणि आपण प्रार्थनेच्या नावाखाली त्या रांगेत उभे राहण्याचे टाळतो. चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे, आणि परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. मुलाचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा. पात्र ठरल्यास शिक्षण शुल्काचा निम्मा भार कमी होतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळायला वेळ लागतो, म्हणून तो आधी मागा. महाविद्यालयाला हप्त्यांसाठी लेखी विनंती करा. पुष्कळदा ती मान्य होते, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांशी वाद घालू नका. पाकीट परत केल्याचे त्यांना सांगा आणि उत्पत्तीचा चौदावा अध्याय एकदा बरोबर वाचू या, असे म्हणा. पाळकांशीही बोला, कारण हा मोह तुमच्या एकट्याचा नाही. मंडळीत कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारे अनेक जण असतील, आणि हा विषय व्यासपीठावरून क्वचितच निघतो.

परंतु पाळकांच्या आधी पत्नीला सांगा. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर पालकाची सही लागते, घरखर्चाची मांडणी नव्याने करावी लागेल, आणि पुढची काही वर्षे ओढाताणीची जातील. त्या सगळ्यात त्या तुमच्या बरोबरीने असणार आहेत. आदामाला आज्ञा मिळाली तेव्हा हव्वा निर्माण झालेली नव्हती, हे उत्पत्तीचा दुसरा अध्याय नीट वाचला की ध्यानात येते. सर्पाशी बोलताना तिने फळाला स्पर्शही करू नका अशी भर घातली, आणि फळ घेतले गेले तेव्हा आदाम तेथेच होता, तरी तो काही बोलल्याचे लिहिलेले नाही. तुम्ही गेला महिनाभर गप्प आहात. पाकीट कपाटातून काढून त्यांच्या समोर ठेवा आणि कोणी, केव्हा, किती वाजता दिले इथपर्यंत सगळे सांगा. परत करायला जाण्याचा दिवस दोघांनी मिळून ठरवा.